इफ्तारचे वेळापत्रक आणि मोबाईलवरचे दुकान

रमजानचा चाँद दिसण्याच्या आठ-दहा दिवस आधी आपल्या मोहल्ल्यांतून एक कागद घरोघर फिरतो. सेहरी व इफ्तारचे वेळापत्रक. वर तीस रोज्यांच्या वेळा आणि तळाशी, लहान अक्षरांत, छापून घेणाऱ्या दुकानदाराचे नाव. कुणी कापडवाला असतो, कुणी बेकरीवाला, कुणी भांड्यांचा व्यापारी. हा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटतो आणि घरातली लहानथोर माणसे दिवसातून दोनदा त्याच्यापुढे उभी राहतात, पुरता महिनाभर. ईदच्या खरेदीला निघताना त्या दुकानाचे नाव आठवावे लागत नाही, ते तोंडात बसलेले असते. गंमत अशी की, ‘माझ्याकडेच या’ असे त्या दुकानदाराने कागदावर कुठेही म्हटलेले नसते. त्याने फक्त वेळ सांगितलेली असते. आणि तीही आपल्या भागातली. मुंबईच्या आणि पेण-रोह्याच्या वेळेत मिनिटाभराचा फरक पडतो. तो फरक ज्याने लक्षात घेतला, त्याचा कागद भिंतीवर टिकतो.

मोबाईलवर लहान दुकानदाराने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मला या कागदात दिसते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने व्यापाऱ्यांसाठी वेगळे ॲप काढले. मग नाक्यानाक्यावरच्या दुकानदारांनी फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आपापली पाने उघडली, गिऱ्हाइकांचे नंबर गोळा केले. पुढे त्या पानांवर काय आले? सकाळी गुलाबाचे फूल, जुम्म्याला मुबारकबाद, सणावाराला शुभेच्छांचे चित्र आणि त्याखाली दुकानाचे नाव ठळक अक्षरांत. दुसऱ्याला कशाला नावे ठेवू, मीही हेच केले. कापडाच्या दुकानाच्या नावाने तीन महिने एक दिवस न चुकता चित्रे पाठवली. चौथ्या महिन्यात हिशेब केला, तर ते चित्र पाहून दुकानाची पायरी चढलेले गिऱ्हाईक एकही नव्हते. उलट एका जुन्या गिऱ्हाइकाने हसत हसत सांगितले, ‘‘भाई, तुमचा नंबर मी गप्प करून ठेवलाय. सकाळी फार वाजतो.’’ नियमितपणा होता, पण त्या पाठवण्यात गिऱ्हाइकाच्या कामाचे काहीही नव्हते. वेळापत्रकाच्या कागदावर नुसते दुकानाचेच नाव तीस वेळा छापले असते तर तो कागद कुणी भिंतीवर लावला असता का?

आमच्या कासूच्या व्यापाऱ्यांना हा विचार आता करणे भाग आहे, त्याला कारण रस्ता आहे. पेण आणि नागोठण्याच्या मधले हे गाव साऱ्या कोकणाला ठाऊक झाले ते एका नकोशा बातमीमुळे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. कामाची वाटणी पळस्पे ते कासू आणि कासू ते माणगाव तालुक्यातले इंदापूर अशी, बेचाळीस-बेचाळीस किलोमीटरची. त्यामुळे खड्ड्यांची बातमी आली की कासूचे नाव आलेच. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी निदान एक मार्गिका तयार व्हावी म्हणून मंत्र्यांचे दौऱ्यावर दौरे झाले, तेव्हाही हेच नाव वर्तमानपत्रात.

खड्ड्यांनी प्रवाशांचे हाल केले, हे खरे. पण मनातले बोलायचे तर रस्त्याकाठचे काही धंदे त्या संथ वाहतुकीवरच चालत होते. गाडी हळू चालली की माणसाची नजर पाटीकडे जाते, चहाची आठवण होते, टायरमधली हवा तपासावीशी वाटते. सलग काँक्रीटच्या रस्त्यावर, मधे दुभाजक असताना, ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारा माणूस पाटी वाचत नाही. आणि वाचली तरी समोरच्या बाजूच्या दुकानात येण्यासाठी त्याला कितीतरी पुढून वळून यावे लागते. वडखळच्या नाक्याला वळसा घालून रस्ता गेला, तेव्हा नाक्यावरच्या धंद्यांवर काय परिणाम झाला ते तिथल्या दुकानदारांना विचारावे. रेल्वेचीही तीच तऱ्हा आहे. दिवा-रोहा गाडी कासूला थांबते, लांब पल्ल्याच्या गाड्या शिट्टी वाजवून निघून जातात. रस्ता चांगला व्हावा, ही मागणी आपणच केली होती आणि ती योग्यच होती. पण जाता जाता आपोआप थांबणारे गिऱ्हाईक यापुढे कमी होणार, हे धरून चालले पाहिजे. उरते ते ओळखीचे गिऱ्हाईक, जे मुद्दाम येते. ते मुद्दाम का येईल?

एका परदेशी टायर कंपनीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंचा टायरचा कारखाना होता. १९०० साली साऱ्या फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. अशा वेळी या भावांनी मोटारवाल्यांसाठी एक छोटे पुस्तक छापले आणि सुमारे ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. त्यात टायर कसा बदलावा, दुरुस्ती करणारा मिस्त्री कोणत्या गावात आहे, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा, ही माहिती होती. माणूस पुस्तक घेऊन निर्धास्त फिरू लागला, फिरला की टायर झिजला आणि टायर झिजला की मिशेलिनची आठवण झाली. वीस वर्षे ते पुस्तक फुकट मिळत होते, १९२० पासून त्याला किंमत लावली. आज त्या पुस्तकातल्या ताऱ्यांसाठी जगभरातली मोठमोठी हॉटेले धडपडतात, हा पुढचा इतिहास. आपल्या वेळापत्रकाच्या कागदाचा हा मोठा भाऊच म्हणायचा.

कासूच्या नाक्यावरच्या टायरवाल्याला पुस्तक छापायची गरज नाही. त्याच्याजवळ मोबाईल आहे आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. समजा ‘२३१९’ असे आहेत, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ही साधी गोष्ट किती गाडीवाल्यांना ठाऊक आहे? जुना टायर नवा म्हणून गळ्यात मारणाऱ्याला हे चार आकडे उघडे पाडतात. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. हवा तपासायची ती गाडी थंड असताना, वीस किलोमीटर चालवून आल्यावर नव्हे. पावसाळ्याच्या तोंडावर हे सांगितले तर त्याचे मोल आणखी वाढते. अशी एकेक गोष्ट, आपल्याच हाताचा आणि आपल्याच दुकानातल्या टायरचा फोटो काढून, चार ओळींत सांगितली तर ऐकणारा ती दुसऱ्याला दाखवतो. आणि गणपतीच्या दिवसांत, ईदच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजता एवढीच ओळ टाकली, ‘कासू ते नागोठणे रस्ता मोकळा आहे’ किंवा ‘वडखळच्या पुढे रांग आहे’, तर मुंबईहून निघणारा माणूस त्या टायरवाल्याचा नंबर आपणहून साठवून ठेवील. मात्र ही ओळ डोळ्यांनी पाहून लिहायची. ऐकीव बातमी एकदा खोटी निघाली की पुढच्या दहा खऱ्या वाया जातात.

इथे एक शंका हमखास निघते. ‘‘सगळेच सांगून टाकले तर गिऱ्हाईक आपल्याकडे येईल कशाला?’’ ही भीती कारागिरांमध्ये फार जुनी आहे. उस्ताद मंडळी शागिर्दाला शेवटची खुबी सांगत नसत, तीच ही सवय. पण टायरवरचे आकडे वाचता आले म्हणून कुणी घरी टायर बसवत नाही. फॅब्रिकेशनवाल्याने सांगितले की गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर आणि अठरा गेज म्हणजे १.२, तर गिऱ्हाईक वेल्डिंग मशीन विकत घेणार नाही. ते दर विचारताना गेजही विचारील. ज्याचा माल खरा आहे त्याला हे विचारलेले परवडते. सोळाच्या भावात अठरा खपवणाऱ्याला मात्र परवडत नाही, आणि बाजारात गिऱ्हाईक शहाणे करण्याचा फायदा नेमका इथे आहे. जो सांगतो, त्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, एवढे माणसाला कळते.

फॅब्रिकेशनचेच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यात आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य आहे. रायगडातल्या कितीतरी घरांतला कमावता माणूस आखातात असतो. गावच्या घराची ग्रिल, गच्चीवरची शेड, गेट यांचा निर्णय दुबईत किंवा कुवेतमध्ये बसून होतो. त्याला रोजच्या रोज येऊन काम पाहता येत नाही. भावावर, मेहुण्यावर विसंबावे लागते आणि त्यातून घरात धुसफूस होते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड किती लवकर गंजते, वेल्डिंगचे सांधे घासून रेड ऑक्साईडचा हात दिल्याशिवाय वरचा रंग का टिकत नाही, मे महिन्यात काय तपासून घ्यावे, हे जो फॅब्रिकेशनवाला फोटोसह दाखवतो त्याच्यावर त्या लांबच्या माणसाचा विश्वास बसतो. कासूच्या नाक्यावर तो वर्षातून एकदा येतो, पण फोनवर दर आठवड्याला भेटतो. सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यालाही हेच लागू आहे. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्याआधी घरोघर भरणा होतो. सोडे, बोंबील पावसाळाभर किडीवाचून कसे ठेवावेत, हे भरण्याच्या आधी पंधरा दिवस सांगणारा आणि भरण्याच्या दिवशी नुसता भाव सांगणारा, यांत फरक आहे.

आता आकड्यांचे वेड. आपल्या तरुण मुलांना वाटते की दहा हजार फॉलोअर झाल्याशिवाय काही अर्थ नाही. फॉलोअर या शब्दाला मराठीत अनुयायी म्हणतात. पण अनुयायी पुढाऱ्याला असतात, दुकानदाराला गिऱ्हाईक असते. समजा, एक शिंपी दिवसाला चार कुर्ते नीट शिवतो. म्हणजे रमजानच्या महिन्यात शंभर-सव्वाशे. त्याला दहा हजार माणसे काय करायची आहेत? त्यांतल्या पाचशेंनी जरी कापड आणून टाकले तरी ईदच्या आदल्या रात्री दुकानाबाहेर भांडणे होतील आणि वर्षानुवर्षांचे नाव एका रात्रीत जाईल. हाताने काम करणाऱ्याच्या धंद्याला हातांची मर्यादा असते. अमेरिकन लेखक केव्हिन केली याने २००८ साली एक लेख लिहिला. त्याचा हिशेब असा : कलावंताला लाखो चाहते नकोत, वर्षाला शंभर डॉलर खर्च करणारे हजार सच्चे चाहते मिळाले तरी तो पोट भरील. आपल्या शिंप्याला हजारही नकोत. पेण ते रोहा या पट्ट्यातली तीनशे घरे त्याला पुरतात. ती मोजून, नावानिशी माहीत असावीत.

पैसे देऊन फॉलोअर विकत मिळतात, हे आपल्या काही दुकानदारांनी ऐकले आहे आणि काहींनी घेतलेही आहेत. हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम तुमचा मजकूर आधी थोड्या लोकांना दाखवते. त्यांनी पाहिला, कुणाला पाठवला, तर पुढच्यांना दाखवते. विकतची खाती काहीच करत नाहीत. परिणामी तुमचा मजकूर खऱ्या गिऱ्हाइकापर्यंतही पोहोचत नाही. म्हणजे पैसे देऊन आपणच आपल्या दुकानापुढे भिंत बांधायची.

‘‘आम्हाला हे जमत नाही, आमची पोरे दिवसभर रील बघतात,’’ असे वडीलधारे म्हणतात. मला वाटते, या वाक्यातच उपाय आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सारोळा कासार नावाचे गाव आहे. तिथल्या सुमन धामणे या आजींना यूट्यूब म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हते. २०२० साली त्यांचा शाळकरी वयाचा नातू यश पाठक याने त्यांच्या स्वयंपाकाचे चित्रण करून ‘आपली आजी’ या नावाने लोकांपुढे ठेवले, आणि घरचे साधे मराठी जेवण लाखो लोकांनी पाहिले. आजीजवळ हाताची विद्या होती, नातवाजवळ मोबाईलची. आपल्या कारखान्यांत, दुकानांत बाप-लेकांची हीच जोडी रोज समोरासमोर बसलेली असते. फक्त दोघे एकमेकांशी या कामाबद्दल बोलत नाहीत. बापाने सांगावे, मुलाने टिपावे.

भाषेबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. आपले पुष्कळ दुकानदार मोबाईलवर आले की एकदम इंग्रजी किंवा मुंबईची हिंदी लिहू लागतात. कासूच्या बाजारात येणारा आगरी, कोळी, मराठा, आदिवासी आणि आपला कोकणी मुसलमान, सगळे दुकानात मराठीत बोलतात, मग पानावर मराठी का नको? मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत राहत असताना पाककृतींची चित्रफीत काढायला सुरुवात केली, पुढे मराठीसाठी स्वतंत्र दालन उघडले, आणि घराघरांत त्यांचे नाव झाले ते मराठीतून. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी आवाजात सांगावे. अर्ध्या मिनिटात सांगून होते.

आणि हा माल ठेवायचा कुठे? फेसबुक, इन्स्टाग्राम ही भाड्याची जागा आहे, हे विसरू नये. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि त्यावर नाव कमावलेल्यांची दुकाने रातोरात बंद झाली. ‘आपली आजी’चे दालन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुणीतरी चोरट्याने बळकावले होते, काही दिवसांनी ते परत मिळाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हे तिन्ही सहा तासांच्या आसपास जगभर बंद पडले. तिन्ही एकाच मालकाचे, मग दुसरे काय होणार! म्हणून गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर खतावणीसारखे कागदाच्या वहीत असावेत.

व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ग्रुपपेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आपल्या घरातल्या बायाबापड्यांना ते नको असते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. कापड, किराणा, भांडी यांचे खरे गिऱ्हाईक त्याच आहेत. ब्रॉडकास्टमध्ये कुणाचा नंबर कुणाला कळत नाही. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे आपल्या तीनशे घरांना दोन याद्या पुरल्या. शिवाय ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो मजकूर जातो. लोकांना ही अडचण वाटते, मला ती कसोटी वाटते. नंबर साठवण्याएवढेही काम आपण ज्याच्यासाठी केलेले नाही, त्याला पाठवून काय उपयोग?

दुकानाच्या नंबरवरून बातम्या, राजकारण, कुणाच्या भांडणाचे चित्रण, ‘पुढे पाठवा’ म्हणून आलेले काहीही पुढे पाठवू नये. कितीही खरे वाटले तरी नाही. दुकानात सगळ्या जातीजमातीची माणसे येतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपला नंबर चालला पाहिजे. एका चुकीच्या फॉरवर्डची किंमत मालकालाच नव्हे, शेजारच्या चार दुकानांनाही मोजावी लागते. मुलाच्या हातात फोन देताना ही एक अट आधी घालावी.

राहिला नियमितपणा. रोज लिहायला जाऊ नये, दमछाक होते आणि मग गुलाबाची फुले सुरू होतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. वर्षाचे बावन्न मजकूर झाले. बावन्न विषय आणायचे कुठून, असे मला आधी वाटले होते. गल्ल्याजवळ एक वही ठेवली आणि गिऱ्हाईक जो प्रश्न विचारील तो त्याच्याच शब्दांत लिहून ठेवू लागलो. अकरा दिवसांत पहिले पान भरले. लग्नाच्या बस्त्यात मोजमाप कसे चुकते, अस्तर कधी लावावे, पांढऱ्या कपड्याचा पिवळेपणा, टेरिकॉट आणि सुती ओळखायचे कसे. पानावरचा पहिलाच प्रश्न एका बाईंनी मुलाच्या गणवेशाचे कापड हातात घेऊन विचारला होता, ‘‘धुतल्यावर आटणार तर नाही ना, भाई?’’ दुकानात मी त्यांना ‘नाही आटणार’ म्हणून वाटेला लावले होते. खरे उत्तर असे आहे की सुती कापड थोडेफार आटतेच, म्हणून शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून घ्यावे. गेल्या गुरुवारी रात्री तेवढेच लिहून पाठवले. सकाळी त्या बाईंचाच निरोप आला होता : ‘‘आधी का नाही सांगितलंत?’’